घामभिंतीचं वळण

प्रयोगशाळेच्या टेबलावर जमिनीवर चाचण्या झालेल्या इंजिनाच्या भिंतीचा उभा कापलेला तुकडा पडला होता. उष्णतावहन विभागाच्या प्रमुख डॉ. विभावरी खासनीस यांनी त्यावर भिंग आणलं आणि संचालक सदानंद तांडेल यांना वाकून पाहायला सांगितलं. करड्या धातूत एकाच जागी पांढरे ठिपके होते.

"चुना आहे, सर," विभावरी म्हणाल्या. "कुंकवातला."

तांडेल भिंगाला डोळा लावून तसेच उभे राहिले. यंत्रांच्या पूजेची आयुष्यभर टिंगल करणारा हा माणूस. नारळ फोडायचा तर कुंपणाबाहेर, हा त्यांचा नियम; आणि इंजिनाला कुंकू लावणारा सापडला की भर बैठकीत ते त्याची बिनपाण्यानं हजामत करत. पोरं मान खाली घालून ऐकून घेत आणि पुढच्या चाचणीआधी हळूच बोट टेकवून येत.

"नीट सांगा," ते म्हणाले. "तिकडे केतकी आहे."

केतकी त्यांची मुलगी. दोन सहकाऱ्यांसह ती 'क्षितिजा' यानातून चंद्राभोवती फिरत होती. परतीचं ज्वलन आज दुपारीच, चंद्राच्या पलीकडच्या बाजूला व्हायचं होतं, आणि यानाला इंजिन एकच होतं.

"आपली भिंत घाम गाळते म्हणून वितळत नाही," विभावरी म्हणाल्या. "रंध्रांतून इंधन पाझरतं, त्याची वाफ होते आणि ती उष्णता घेऊन जाते. भिंत जिथे जास्त तापते तिथली रंध्रं दर ज्वलनात थोडी रुंदावतात आणि तशीच राहतात. भिंतीला वळण लागतं. जमिनीवरच्या इंजिनाला चाचण्यांत लागलेलं वळण आपण क्षितिजाच्या भिंतीत हुबेहूब उतरवलं. पण पोरं कुंकू लावायची ते नेहमी जुळणीच्या खाचेशी. तिथली रंध्रं चुन्यानं बुजली, भिंत तापली, आजूबाजूची रंध्रं रुंद झाली. इंजिनाची उष्णता राहिली बाजूला, भिंत शिकली ते आपलं कुंकू."

"आणि क्षितिजाला कुंकू नाही."

"म्हणजे रुंद रंध्रं आहेत, पण बुजवणारा चुना नाही. सगळं इंधन भिंतीच्या खाचेजवळच्या कप्प्यातून पाझरणार आणि समोरची बाजू कोरडी पडणार. जाताना ज्वलन थोडंच होतं, निभावलं. परतीचं लांबलचक आहे. त्या कप्प्याचा पुरवठा निम्मा करायला सांगू या." त्यांनी भिंग बाजूला ठेवलं. "फक्त एक खात्री हवी, सर. क्षितिजाचं इंजिन स्वच्छ कक्षात जुळवताना त्याला कोणी बोट टेकवलं नव्हतं ना? तिथे चुना असेल आणि आपण इंधन तोडलं, तर भिंत नेमकी तिथेच फुटेल."

चोराच्या मनात चांदणं. इंजिन मोहोरबंद व्हायचं त्या सकाळी तांडेल एकटेच आत गेले होते, खिशात बायकोनं दिलेली कुंकवाची पुडी घेऊन. पोटची पोर त्या इंजिनाच्या भरवशावर निघाली होती. त्यांना राहवलं नाही. त्यांनी खाचेशी बोट टेकवलं आणि लगेच स्वतःची इतकी लाज वाटली की शेजारचं ओलं फडकं घेऊन लाली दिसेनाशी होईपर्यंत ते पुसून काढलं. मग कुंकू होतं कुठे? पुसलेल्या गोष्टीचा बोभाटा कशाला करायचा?

"नव्हतं," ते म्हणाले.

सूचना गेली. केतकीनं पुरवठा निम्मा केल्याचं कळवलं. कामावर असताना ती त्यांना सरच म्हणायची. थोड्या वेळानं यान चंद्राआड गेलं आणि संपर्क तुटला.

नियंत्रण कक्षात चहा आला. विभावरींच्या मनावरचं ओझं उतरलं होतं.

"खरं सांगू का, सर? हे तुमच्या धाकानं झालं," त्या हसत म्हणाल्या. "सुकं कुंकू पहिल्या ज्वाळेतच उडून गेलं असतं. पण तुमची फेरी असायची, म्हणून पोरं ते लावलं की ओल्या फडक्यानं पुसायची. आत्ताच एकानं कबूल केलं. पाण्याबरोबर चुना रंध्रांत खोल ओढला गेला आणि तिथेच बसला. पुसलं नसतं तर काही झालं नसतं."

तांडेलांनी कप खाली ठेवला. आता ओरडून सांगितलं तरी केतकीला ऐकू जाणार नव्हतं, आणि या खोलीत सांगायला त्यांची जीभ रेटेना. ते भित्रे होते, आणि हे त्यांना आजच कळत होतं.

परतीला लागलेलं यान चंद्राआडून लवकर बाहेर येतं. ज्वलन फसून तिथेच फिरत राहिलेलं उशिरा येतं. भिंत फुटलेलं येतच नाही. लवकर येण्याची वेळ टळून गेली. विभावरी पुन्हा पुन्हा आपलीच आकडेमोड तपासत राहिल्या.

मग केतकीचा आवाज आला.

"सर, क्षितिजा बोलतेय. खाचेच्या बाजूला भिंत एकदम तापली, म्हणून मी सुरुवातीलाच इंजिन बंद केलं. तिघंही ठीक आहोत. आणखी एकाच प्रयत्नापुरतं इंधन आहे. आधी मला सांगा, तिथे काय आहे?"

"तिथे चुना असल्याशिवाय असं होणार नाही," विभावरी पुटपुटल्या. "माझं गणित चुकलंय की काय?"

तांडेलांनी बटण दाबलं. सगळा कक्ष ऐकत होता.

"गणित बरोबर आहे. केतकी, तिथे कुंकू आहे. मी लावलं आणि मीच ओल्या फडक्यानं पुसलं. मघाशी मॅडमनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो. त्या कप्प्याचा पुरवठा पहिल्यासारखा कर. मग भिंतीचं वळण आणि चुना यांचा मेळ बसेल."

कक्षात कोणीच त्यांच्याकडे पाहिलं नाही. आवाज चंद्रापर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ गेला.

"बाबा, आणखी कुठे बोट टेकवलं होतं का?"

"नाही."

पुन्हा तेवढाच वेळ गेला.

"खासनीस मॅडम," केतकी म्हणाली, "हे मी खरं धरू का?"