तसबिरीखालचं कासव

कासवाचं तोंड रक्तात बुडवल्यासारखं लाल होतं. भिंतीवर रतनबाईंची तसबीर, आणि तिच्या बरोबर खाली ते मान पुढे काढून बसलं होतं. अंगणापासून तिथवर फरशीवर लाल ठिपक्यांची ओळ आली होती, आणि ठिपक्यांच्या मध्ये राखेसारखी पांढरी पूड सांडली होती.

वैजनाथ उंबऱ्याबाहेरच थांबला. नगरात त्याची रिक्षा होती. अब्राहाम साळवे या खासगी गुप्तहेराला तपासाला नेणं-आणणं त्याच्याकडे असल्याने तो स्वतःला अर्धा गुप्तहेर समजायचा. उरलेला अर्धा भित्रा होता, आणि सध्या तोच जागा होता. त्यात मघाशी बांधाला रिक्षा लावताना निवडुंगाची कुसळं मनगटात शिरली होती. दिसत एकही नव्हतं, पण हात कुठे टेकवायची सोय उरली नव्हती.

घर शिंगणापूरच्या शिवारातलं, म्हणजे चौकट आहे आणि तिला दार नाही. एरवी वैजनाथने त्याचं कौतुक केलं असतं. आज त्या उघड्या चौकटीतून जिवंत किंवा मेलेलं कोणीही आत येऊ शकतं, एवढंच त्याला सुचत होतं.

"दर शनिवारी सकाळी हे असं दिसतं," राधाकृष्ण मास्तर म्हणाले.

मास्तर निवृत्त शिक्षक, गळ्यात तुळशीची माळ. त्यांनी सगळं सावकाश सांगितलं. कासव त्यांच्या पत्नीचं. तिच्या पुण्याच्या भावाने परदेशी जातीचं, वनखात्याकडे रीतसर नोंदवलेलं हे कासव बहिणीकडे ठेवलं ते कायमचं. गेल्या आषाढात रतनबाई गेल्या, त्याही शनिवारीच. मग मास्तरांनी मोठ्या मायेने त्याला दूध-पोळी सुरू केली. देवळाच्या कासवाला हात जोडणारे पाहुणे याच्यापुढे पेढा ठेवू लागले. जनावर खंगत गेलं, पाठ बोटाने दबायला लागली. आणि दिवाळीनंतर दूध-पोळीला तोंडही न लावता ते आपोआप सुधारलं.

"गावात म्हणतात, ती येऊन भरवते. सुनील, माझा मुलगा, आज दुपारी त्याला मुळा धरणात सोडणार आहे. मी हो म्हटलंय. सुनबाई म्हणाली, आधी बाहेरच्या कोणाला तरी दाखवा, म्हणून तुम्हाला बोलावलं." मास्तरांची नजर तसबिरीवर गेली. "मला एवढंच सांगा साळवेसाहेब, ती येते का?"

अब्राहाम फरशीवर वाकला. चिमूटभर पांढरी पूड तळहातावर पसरून त्याने त्यातला एक पातळ पापुद्रा वैजनाथला दाखवला आणि राखेत हे कुठून आलं असं विचारलं. अंगाऱ्यात काय वाटेल ते असतं, असं वैजनाथने ठामपणे सांगून टाकलं.

सुनीलचं प्रसादाचं दुकान होतं. तो टोपलीत ओलं फडकं अंथरत होता. "लहान लेकरू हाय घरात. असलं रगात बघून बायका पोरं भितील न्हाई तर काय? पान्यातला जीव पान्यात गेला, म्हंजी आई बी सुटंल."

"आई याला पाण्यात ठेवायच्या?"

"छे, पाय भिजतील एवढंच पानी परातीत घालायची."

अब्राहामने मान हलवली आणि तो वैजनाथला घेऊन शेजारच्या बिभीषणकडे गेला. बिभीषणच्या दारात कोंबड्या, मागे उकिरडा, आणि त्याच्याच बांधावर ते निवडुंगाचं कुंपण. मास्तरांना कोंबड्यांचा वाससुद्धा चालत नाही, हे बिभीषणने दोघं आल्याआल्याच सांगितलं. मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, माज्या उकिरड्यावरची अंड्याची टरफलं नाहीशी व्हत्यात. लई वर्सांपासनं. रतनबाई गेल्या आन् काय दिसांनी बंद झालं. दिवाळी झाल्यापासनं पुन्हा सुरू. भूत टरफलं खातं व्हय?"

वैजनाथला आता घरी जायचं होतं.

ते मास्तरांकडे परतल्यावर चहा सुनबाई दिशाने आणला. कपबशी तिने पदरात धरली होती आणि ठेवताना ती ओझरती कळवळली. रतनबाईंच्या तेराव्यानंतर ती बाळंतपणाला राजूरला माहेरी गेली होती, दिवाळी झाल्यावर बाळाला घेऊन परतली. कासवाचं आपल्याला काही माहीत नाही, असं ती म्हणाली. शनिवारी घरात काय खातात, या प्रश्नावर मात्र ती क्षणभर थांबली.

"उपास असतो. फळंच. आत्याबाईंचा नेम होता," ती सासूच्या तसबिरीकडे बघत म्हणाली.

तेवढ्यात टेम्पो आला. सुनीलने कासव उचलून टोपलीत ठेवलं, त्याच्या पाठीवर हार घातला. अब्राहामने टोपलीच्या काठावर हात ठेवला.

"हे जमिनीवरचं कासव आहे, सुनील. याला पोहता येत नाही. धरणात ते दगडासारखं तळाला जाईल. म्हणून तुमच्या आई परातीत पाय भिजण्यापुरतंच पाणी घालायच्या."

सुनीलने टोपली खाली ठेवली. त्याचा चेहरा उतरला होता.

"आता रक्त. वैजनाथ, मनगट कशाने दुखतंय?"

"निवडुंगाच्या कुसळांनी."

"त्याच कुंपणावर लाल बोंडं आहेत. त्यांचा रस असाच दिसतो. या जनावराचं रोजचं खाणं म्हणजे गवत, रानपाला, निवडुंगाचे पानासारखे फडे. फळ क्वचित आणि तेही जरासं. घरात उपास त्या दिवशी त्यालाही फळ, असा कोणीतरी हिशेब ठेवला, म्हणून तोंड फक्त शनिवारी लाल. दूध त्याला पचत नाही. पाठीच्या हाडाला चुना लागतो, तो अंड्याच्या टरफलांच्या पुडीतून मिळतो. पुडीत टरफलाच्या आतला पापुद्रा आहे, राखेत तो नसतो. पाल्यावरची पूड तोंडाला चिकटते आणि चालताना सांडते."

"पण तसबिरीखालीच का?" मास्तरांनी विचारलं.

"चौकटीला दार नाही, म्हणून सकाळचं ऊन पहिलं तिथे पडतं. खाल्ल्यावर त्याला ऊब लागते. त्याची जागा जुनीच आहे, मास्तर. तसबीर तुम्ही नंतर लावलीत."

अब्राहामने आवाज मऊ केला. "टरफलं रतनबाई असताना जायची, त्या गेल्यावर थांबली, दिवाळीनंतर पुन्हा जाऊ लागली. तुम्ही दोघं इथेच होतात आणि कासव मरायला टेकलं होतं. त्या काळात एकच माणूस घरात नव्हतं. त्याच माणसाला आज उघड्या बोटांनी कपबशी धरवत नाही."

दिशाच्या डोळ्यांत पाणी आलं. "आत्याबाईंनीच शिकवलं मामंजी. माळेच्या घरात अंड्याची टरफलं येतात हे तुम्हाला कळू देणार नाही, अशी शपथ घातली होती. मला बोलला असता तर चाललं असतं. त्या गेल्यावर त्यांना कोणी नावं ठेवायला नकोत."

मास्तर भिंतीला टेकले. ती येत नव्हती तर. इतके शनिवार त्यांनी भीत भीत का होईना, तिचीच वाट पाहिली होती, आणि तेही आता संपलं. वैजनाथला भूत नसल्याचं प्रथमच वाईट वाटलं.

शेवटी मास्तर उठले. आतून चिमटा आणि चष्मा घेऊन ते सुनेसमोर बसले. "हात दे," ते म्हणाले, आणि एकेक कुसळ शोधून काढू लागले. वैजनाथनेही आपलं मनगट हळूच पुढे सरकवून ठेवलं.

मग हातातलं काम न सोडता मास्तरांनी मान वळवली आणि आळीला ऐकू जाईल अशा आवाजात शेजारी हाक मारली.

"बिभीषण, टरफलं उकिरड्यावर टाकू नकोस. धुऊन इकडे आणून दे."