रिकाम्या खाटेखालची बाटली

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, यात मी पदरचं काहीच घातलेलं नाही. फुसी आणि मी टोंगामधल्या एकाच इस्पितळात, एकाच वॉर्डात नर्स. हे घडलं ऑगस्टातल्या एका रविवारी... भर दुपारी.

छातीच्या दुर्मिळ आजारांची ऑपरेशनं करणारं पथक आमच्याकडे परदेशातून वर्षातून एकदाच येतं, पाच दिवसांसाठी. त्या वर्षी एकच जागा उरली होती आणि पेशंट होते दोन. दोघांच्याही छातीच्या हाडामागे गाठ, श्वासनळी दाबणारी. एक दूरच्या हापाई बेटावरचा कोळी, मोआला. दुसरी लोसे, फुसीच्या सख्ख्या भावाची मुलगी.

मोआलाची गाठ मोठी होती. जागा त्याचीच होती.

पण यादी फुसी लिहायची.

तिने मोआलाची फाइल कपाटात सरकवली. डॉक्टरांना सांगितलं, तो बोटीवर चढलाच नाही. आणि त्याला कळवलं, यंदा जमत नाही, पुढच्या वर्षी बघू.

लोसेचं ऑपरेशन छान झालं. छातीतली हवा बाहेर पडावी म्हणून बरगड्यांमधून नळी घातली होती. तिचं दुसरं टोक खाटेखालच्या पाण्याच्या बाटलीत. शनिवारी नळी निघाली. बाटली फुसीने स्वतः धुऊन कपाटात ठेवली.

रविवारी सगळे चर्चमध्ये. वॉर्डात फक्त फुसी आणि झोपलेली लोसे.

आणि...

बुड... बुड... बुड...

फुसीने लोसेच्या खाटेखाली वाकून पाहिलं. काहीच नव्हतं.

आवाज कोपऱ्यातून येत होता. तिथली खाट रिकामी. खाली मात्र बाटली... पाण्यात बुडबुडे.

नळी वर गेलेली. तिचं टोक चादरीवर नुसतंच पडलेलं.

बुडबुडे थांबायचे, पुन्हा यायचे. कुणाला धाप लागल्यासारखे.

मग ते थांबलेच.

लोसेने डोळे उघडले. "आत्या, ते काका विचारतायत... त्यांचा नंबर लागला का?"

"कोण काका?"

लोसेने कोपऱ्याकडे बोट केलं. फुसी वळली. खाटेखाली आता कोरडी फरशी होती.

संध्याकाळी हापाईहून निरोप आला. मोआला दुपारी गेला. श्वास कोंडून.

दोन आठवड्यांनी फुसी बोटीने हापाईला गेली. सगळं कबूल करायचं ठरवूनच. मोआलाच्या बायकोने, तोआकासेने, नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं वाढली. फुसीने ताट बाजूला ठेवलं.

"मला तुम्हाला काही सांगायचंय," ती म्हणाली.

तोआकासेने तिचा हात धरला. "काही सांगू नका, सिस्टर. ते गेले त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी तुमचा फोन आला, नंबर लागला, निघा म्हणून. किती हरखले ते! कपड्यांची पिशवीही भरली. त्याच आनंदात गेले. तुम्हीच होतात ना फोनवर?"

त्या शनिवारी फुसीने कुणालाच फोन केला नव्हता.

"हो," ती म्हणाली.

लोसे आता ठणठणीत आहे. तोआकासे दर ख्रिसमसला फुसीसाठी स्वतः विणलेली चटई पाठवते. फुसीने त्यातली एकही उलगडलेली नाही.

मी तिला एकदाच विचारलं, मग तो फोन कुणी केला?

तिने कोपऱ्यातल्या खाटेची चादर सारखी केली.

"ते मला माहीत नाही. पण मी 'हो' का म्हणाले... ते माहीत आहे."