दुपारचं उत्तर

एकच काम दोनदा हाताने करायची वेळ आली की ग्यूसोक वैतागायचा आणि त्यासाठी स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम, लिहायचा. पानग्योच्या ऑफिसात त्याचा कोड लिहायचा एडिटर दुसऱ्या कुणाला वापरताच येत नसे. कीबोर्डवरच्या कळांच्या जागा बदललेल्या, दोन अक्षरं दाबली की अख्खी ओळ उमटायची. शेजारच्या टेबलावरचा नाम नावाचा सहकारी म्हणायचा, "तुझ्या मशीनवर बसलं की स्वतःचं नावसुद्धा लिहिता येत नाही. लग्नाला तरी स्वतः उभा राहणार आहेस, की त्यालाही स्क्रिप्ट?"

आई दूर कुनसानला, एकटी. रोज दुपारी तिचा मेसेज यायचा, "जेवलास का?" कामाच्या गर्दीत त्याने त्याचीही छोटीशी स्क्रिप्ट लिहिली. प्रश्न आला की जरा थांबून स्क्रिप्टच "जेवलो, आई" पाठवायची. मग हौसेने तो त्या स्क्रिप्टला सजवत गेला. मध्येच टायपिंगची चूक, कधी "पोट भरलं", कधी थंडीची तक्रार. आई खूश, हा निर्धास्त. फोन करणं हळूहळू राहूनच गेलं.

वसंतात एकदा त्याने जुने मेसेज सहज चाळले. "जेवलो, आई"च्या खाली आईने लिहिलं होतं, "हो रे, दोन वाट्या भात संपवलास." पुढे, "मुळ्याची किमची उद्याही ठेवते." आणि कालचा, "छत्री इथेच राहिली तुझी."

आईला भ्रम होतोय आणि आपल्याला पत्ताच नाही. त्याला स्वतःची लाज वाटली. शनिवारी सकाळी त्याने स्क्रिप्ट पुसून टाकली आणि कुनसानची बस धरली.

वाटेत आईचा प्रश्न आला. तो लिहायला लागला, तोवर त्याच्या नावाने उत्तर गेलंही होतं.

"आलोच, आई. भूक लागलीय."

हे वाक्य त्याने कधीच लिहून ठेवलं नव्हतं.

आईने दार साखळीपुरतंच उघडलं. आतून सोयाबीनच्या आमटीचा वास आला. कुणाचा तरी चमचा वाटीला लागत होता.

"कोण हवंय आपल्याला?" तिची नजर अगदी स्वच्छ होती.

"आई, मी. ग्यूसोक."

"हळू बोला हो. ग्यूसोक जेवतोय आत."

तो दारातच उभा राहिला. तिलाच राहवलं नाही.

"आपलं जेवण झालंय का?"

"नाही."

"मग स्टँडजवळ खानावळ आहे. तिथे एकट्या माणसालाही वाढतात," ती म्हणाली आणि आवाज न करता दार लावून घेतलं.