अकरा बेचाळीसचं विमान

हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. मी शपथ घेणार नाही. पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या.

मी रुद्र. वारंगा फाट्यावर माझं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज आहे. आठ वर्षं इंजिनाचे आवाज ऐकून पोट भरतोय. खरा आवाज कुठला आणि कानाचा भास कुठला, एवढं मला कळतं.

जागा सिद्धेश्वर धरणाच्या खालची. तिथं आमचा हळदीचा मळा आहे. महिना गेल्या वर्षीचा मार्च.

आणि वेळ रात्रीची नव्हती. भर उन्हाची होती.

माझी मोठी बहीण शिवकन्या हवाई दलात पायलट आहे. लढाऊ विमान चालवते. तळ कुठला, विमान कुठलं, ते लिहीत नाही. तिला अजून नोकरी करायची आहे.

त्याच्या आदल्या नोव्हेंबरात तिच्या विमानाला अपघात झाला. दोन सीटांचं विमान. पुढे ताई, मागे तिला शिकवणारे अमरसिंग सर. सातशे फुटांवर इंजिनात पक्षी गेला. इंजिन बंद पडलं. सरांनी हुकूम दिला, इजेक्ट. ताईनं दोन्ही पायांच्या मधली दांडी ओढली. सीटसकट बाहेर फेकली गेली. पॅराशूट उघडलं.

सर बाहेर आले नाहीत.

त्यांची सीट वेगळी होती, दांडी वेगळी होती. का आले नाहीत, ते चौकशीत कुणालाच सांगता आलं नाही.

विमान जमिनीवर आदळलं तेव्हा अकरा बेचाळीस झाले होते.

ताईचा मणका दबला. तीन महिने दवाखान्यात काढून ती घरी आली. कमरेला पट्टा. जूनमध्ये मेडिकल बोर्ड होतं. डॉक्टर म्हणतील तर उडायचं, नाही तर जन्मभर टेबलावर.

तिला चालायची सवय व्हावी म्हणून मी रोज तिला मळ्यात नेत होतो. गॅरेज मी कामावरच्या पोरांवर सोपवलं होतं.

हळद शिजवायचं काम चालू होतं. मोठ्या कुकरमधून वाफ फुसफुसत होती. जनकाबाई आणि तिच्याबरोबरच्या बाया शिजलेली हळद वाळत घालत होत्या.

पहिला दिवस मंगळवार.

धरणाच्या बाजूनं विमानाचा आवाज आला. आमच्याकडे अधूनमधून विमानं जातात, त्यात नवल नाही. आवाज मागून येतो, विमान पुढं निघून गेलेलं असतं. म्हणून मी आवाजाच्या पुढं पाहिलं.

आभाळ कोरं.

मागं पाहिलं. तिथंही काही नाही.

आवाज जवळ आला. खाली आला. अगदी डोक्यावर आला... आणि तुटला.

लांब जाऊन विरला नाही. चावी फिरवून इंजिन बंद करावं, तसा तुटला.

त्यानंतर काहीच ऐकू येईना. कुकरची वाफ डोळ्याला दिसत होती, पण तिचा फुसफुसाट नव्हता. बोरीवरच्या चिमण्या चोच उघडत होत्या, पण चिवचिव नव्हती. दहा-बारा सेकंद असतील. मग सगळे आवाज एकदम परत आले.

मी ताईकडं पाहिलं. ती बाजेवर बसली होती. तिचे दोन्ही हात पायांच्या मधे घट्ट आवळलेले होते.

मी काही विचारायच्या आत तिनं मनगट वळवून घड्याळ दाखवलं.

अकरा बेचाळीस.

दुसऱ्या दिवशी आवाज आलाच नाही. मला बरं वाटलं. तेवढ्यात जनकाबाईच्या हातातलं घमेलं पडलं.

वाळत घातलेल्या पिवळ्या हळदीवरून एक सावली सरकत होती. टोकदार नाक. मागं वळलेले पंख. कुकरवरून गेली, बाजेवरून गेली. माझ्या अंगावरून गेली तेव्हा क्षणभर ऊन लागायचं थांबलं.

वर मान केली... आभाळ मोकळं.

बाया त्याच पावली निघून गेल्या. जनकाबाई जाताना एवढंच म्हणाली की, तिचं या पोरीशी काही वाकडं नाही, पण ती उद्यापासून यायची नाही.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. पोरीला न्यायला तिचा मेलेला साहेब येऊन राहिला.

तिसऱ्या दिवशी मी ताईला मळ्यात जाऊ दिलं नाही. आम्ही घरीच अंगणात बसलो. माय आत भाकरी थापत होती. मी मुद्दाम घड्याळाकडं बघत नव्हतो.

भाकरीची थापथाप बंद झाली. रस्त्यावरच्या ऑटोचा आवाज बंद झाला.

आणि मग... श्वास.

माझा नाही. ताईचाही नाही, कारण तिनं श्वास रोखून धरला होता. आमच्या दोघांच्या मधोमध कुणीतरी श्वास घेत होतं. आत ओढताना सूं... सोडताना खर्रर्र. रबरी नळीतून यावा तसा.

थोड्या वेळानं तो थांबला. ताईचा चेहरा पांढरा पडला होता, पण ती शांत होती. तिनं मला समजावून सांगितलं. विमानात दोघांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असतो आणि दोघांचे माइक चालू असतात. त्यामुळे मागच्या माणसाचा श्वास सतत कानात ऐकू येतो. माणूस दिसत नाही, श्वास ऐकू येतो. दीडशे तास तिनं सरांचा श्वास ऐकला होता.

"तेच हायेत," ती म्हणाली. "सोडताना असेच घासायचे."

चौथ्या दिवशी सकाळीच रामकिशनकाका एका देवऋषीला घेऊन आले. काका आमच्या वडिलांच्या जागी. त्यांचा शब्द घरात कुणी मोडत नाही. देवऋषीनं उंबऱ्यावर लिंबू ठेवलं, ताईच्या डोळ्यांत पाहिलं आणि सांगितलं की, त्या माणसाचा जीव हिच्यात अडकलाय. हिनं जमीन सोडली की तो हिला घेऊन जाईल. उपाय एकच. हिचा उडायचा पोशाख पाण्यात सोडायचा, हाताला धागा बांधायचा आणि परत विमानाचं नाव काढायचं नाही.

काकांनी मान डोलावली. मायनं तर ट्रंकेतून पोशाख काढून आणला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

ताई उठली. पट्ट्यामुळं तिला उठायला वेळ लागला. कुणी हात दिला, तो तिनं घेतला नाही.

"काका," ती म्हणाली, "सर मेले तवा विमानात मी व्हते. तुमी नव्हते, हे महाराज नव्हते. त्यांना काय पाहिजे ते मीच इचारते."

"अन् त्यानं तुलाच मागितलं तर?" काका म्हणाले.

"तर न्हाई म्हनंन."

तिनं मायच्या हातातून पोशाख घेतला आणि आत जाऊन घालून आली. हिरवा, अंगाला सैल झालेला. मला म्हणाली, गाडी काढ.

मी मायकडं पाहिलं. मायनं पदरानं डोळे पुसले. देवऋषीला म्हणाली, "चहा घ्या आन् जा तुमी." काका काहीतरी बोलत राहिले. मायनं चूल पेटवली.

धरणाच्या भिंतीवर पोचलो तेव्हा अकरा पस्तीस झाले होते. लांब पाण्यात दोन माणसं जाळं टाकत होती. ऊन डोक्यात शिरत होतं. ताई भिंतीच्या मधोमध जाऊन उभी राहिली, पाण्याकडं तोंड करून. मी तिच्या पाठीमागं दहा पावलांवर.

पाण्याचा आवाज गेला.

वारा दिसत होता, तिचे केस उडत होते. पण ऐकू काही येत नव्हतं.

मग... सूं. खर्रर्र.

ताईनं पाठ ताठ केली. ती मोठ्यानं बोलली, सरांशी बोलायची तशी हिंदीत. मी मराठीत सांगतो. ती म्हणाली, सर, तुम्ही हुकूम दिला म्हणून मी दांडी ओढली. मी तुम्हाला टाकून आले नाही. तुम्ही का राहिलात ते तुमचं तुम्हाला माहीत. रोज येऊन मला घाबरवलंत तरी मी माफी मागणार नाही. बोर्डानं पास केलं तर मी उडणार. मणका मोडला तरी उडणार. तुम्हाला मागं बसायचं असेल तर बसा. पण विमान मी चालवीन.

श्वास जोरात झाला.

पाण्यावरून एक मोठी सावली आमच्याकडं आली. ताई हलली नाही. सावली तिच्यावर आली, माझ्यावर आली, थांबली.

आणि माझ्या उजव्या कानाजवळ... अगदी जवळ... खरखरत्या रेडिओतून यावा तसा एक पुरुषाचा आवाज आला.

"उड़ना मत."

दोनच शब्द. त्यात राग नव्हता. कुणी लेकराला विहिरीजवळ जाऊ नको म्हणतं, तसा आवाज होता.

मग पाण्याचा आवाज परत आला. सावली नव्हती. ताई वळली आणि चल म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. मला वाटलं, आवाज फक्त मला आला.

मी तिला सांगितलं नाही. ती जिंकून आली होती. मी कोणत्या तोंडानं सांगणार होतो?

त्यानंतर मळ्यात पुन्हा कधी काही झालं नाही. आठ दिवसांनी जनकाबाई कामावर आली. जूनमध्ये ताई बोर्डात पास झाली.

पण ते दोन शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. गाव म्हणत होतं, तो तिला न्यायला आला. न्यायला आलेला माणूस उडू नको कशाला म्हणेल? मग सर रोज हेच सांगायला येत होते का? आणि त्यांना काय दिसलं होतं?

सप्टेंबरात ती पहिल्यांदा पुन्हा उडणार होती. आदल्या दिवशी मला राहवलं नाही. मी फोन केला आणि सगळं सांगून टाकलं.

पलीकडं तिनं दार लोटल्याचा आवाज आला.

"मला बी ऐकू आलं व्हतं, रुद्र," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय. त्यांनी त्यांचं सांगितलं. म्या माझं सांगितलं."

दुसऱ्या दिवशी ती उडाली. नीट उतरली. त्यानंतर शंभरदा तरी उडाली असेल.

ती रोज उतरल्यावर मला एक मेसेज करते. तो येईपर्यंत मी जेवायला बसत नाही.

माय बिनघोर जेवते. सर भिंतीवर काय बोलले, ते आम्ही दोघांनी तिला अजून सांगितलेलं नाही.