लँडमास्टरचे गुरुवार

समोर ठेवलेल्या चहाला हरणाबाईने हात लावला नाही.

“माझा मालक चोर न्हाई,” ती म्हणाली. “पन त्यो सोताच तोंड उघडंना. सुभेदारसायेब सोमवारी फौजदाराकडं कागद देनार हायती. मग कोन गाडी देईल वो त्याच्या हातात?”

सांगलीच्या गणपती पेठेतल्या त्या खोलीत नाथाजी माने खासगी तपासाचे काम करीत. लष्करी पोलिसांतून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षे झाली होती. कोपऱ्यात टिपणे घेत बसलेला ज्ञानू हा त्यांचा सोबती. नाथाजींना जे एका नजरेत दिसे ते ज्ञानूला चार दिवसांनी उमगे. आणि उमगले की बहुधा त्याला वाईटच वाटे.

हकिकत साधी होती. हरणाबाईचा नवरा कृष्णात आष्ट्याच्या सुभेदार हंबीररावांची जुनी लँडमास्टर मोटार नऊ वर्षे चालवीत होता. दर गुरुवारी तो सुभेदारांच्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, नरसोबाच्या वाडीला दर्शनाला नेई. यंदा, चौऱ्याहत्तर साली, पेट्रोल कडाडले आणि सुभेदार ते थेंबाथेंबाने मोजू लागले. गुरुवारी दोन लिटर जास्त जातात, असे त्यांना आढळले. भाद्रपदात त्यांनी कृष्णातला काढून टाकले.

“गुरुवारी घरी आला, की काही बोलायचा?” नाथाजींनी विचारले.

“न्हाई. कापडाला जळका वास यायचा निस्ता.”

दुसऱ्या दिवशी, गुरुवारीच, दोघे आष्ट्याला पोचले तेव्हा हंबीरराव अंगणात बसून पॉलिशपेपरने गाडीचा प्लग घासत होते.

“चार वर्षं हाच प्लग वापरतोय,” ते अभिमानाने म्हणाले. “टायर दोनदा रिमोल्ड केलेत. जुनं ऑइल फडक्यातनं गाळून मोटेच्या चाकाला घालतो. आणि उतार आला, की इंजन बंद! गाडी आपल्या वजनानं पळतीया, तिला पेट्रोल कशाला पाजायचं?”

“कृष्णातलाही हेच शिकवलंत?”

“कान धरून!”

त्यांनी टाकीत घालायची खुणा केलेली काठी दाखवली. “वाडीला जाऊन येऊन पंचावन्न मैल. पेट्रोल नऊ लिटर. जानेवारीपासनं कृष्णात गेला, की अकरा. मैल मात्र पंचावन्नच! गाडी भलतीकडं फिरवली असती, तर मैल वाढलं असतं. म्हणजे नळी घालून काढलं. गेले सहा गुरुवार मी स्वतः हिला वाडीला नेली. नऊ लिटर! आकडा बेइमानी करत नाही, मानेसाहेब.”

ज्ञानूला ते पटले. पटले म्हणूनच तो खिन्न झाला. आदल्या दिवशी कपात निवून गेलेला तो चहा त्याला आठवला.

गाडी वरून आरशासारखी लखलखत होती. नाथाजींनी गुडघ्यावर बसून मडगार्डच्या आत हात घातला आणि एक वाळलेले ढेकूळ काढले. बोटांनी चुरडताच त्याचा तांबडा मुरूम झाला.

“खालून धूत नाही?”

“साबण फुकट येतो व्हय? वरनं पुसायची, झालं!”

डिकीत पाण्याचे दोन डबे होते. “हे कृष्णातनं ठेवलेले,” सुभेदार म्हणाले. “कशाला, त्यालाच ठाऊक.”

लक्ष्मीबाई तुळशीपाशी वाती वळत होत्या.

“बाई, पावसाळ्यातही वाडी चुकवली नाहीत?”

“एक गुरुवार न्हाई.”

“नारळी पौर्णिमेच्या आधीचा?”

“गेले की. पादुकांवर डोकं टेकलं, देवळाला अकरा प्रदक्षिणा घातल्या.” त्यांनी मान वर केली नाही. हातातली वात मात्र दोनदा उलगडली.

रस्त्यापलीकडे भाऊसो मिस्त्रीचे गॅरेज होते. सुभेदारांचे नाव काढताच तो हसू लागला.

“लय चिकट मानूस! ब्रेकची लायनिंग यंदा दोनदा बदलली. पार कोळसा झालेली. तर म्हनतोय, जुनीच उलटी करून लाव!”

“दुसऱ्यांदा कधी बदललीस?”

“नारळी पुनवेच्या आधी, शुक्रवारी. म्या त्याच दिशी वाडीवनं आलतो. भनीच्या दारात पानी. देऊळ तर आठ दिस पान्याखाली हुतं.”

“सुभेदार पहिल्यापासून असेच?”

“आवं, न्हाई! गाडी थोरल्या भावानं, नानासोनं, आन त्यांनी मिळून घेतल्याली. दहा वर्सांमागं साताऱ्याला जाताना नानासो पानी घालायचं इसरलं आन इंजन जळालं. सुभेदार चारचौघांत नको नको ते बोललं. नानासो उठलं आन कडेगावच्या अलीकडं सासरवाडीच्या मळ्यात जाऊन ऱ्हायलं. तवापासनं या घरात त्यांचं नाव काढायचं न्हाई. औंदा ते खाटंला खिळल्यात म्हनं, पर हितं सांगनार कोन?”

गॅरेजच्या मागे कृष्णात एका फुटक्या टायरवर बसला होता. अंगाने वाळलेला, डोळे खाली.

“पेट्रोल काढलंस?”

“न्हाई.”

“मग गेलं कुठं?”

“ते सांगत न्हाई मी. शब्द दिलाय.”

“उतारावर इंजिन बंद करायचास?”

“व्हय जी,” कृष्णात हळूच म्हणाला. “सायबाचं जेवढं वाचंल, तेवढं वाचवायचं.”

नाथाजी परत निघाले. वाटेत ते ज्ञानूला एवढेच म्हणाले, “माणूस निर्दोष आहे हे सिद्ध करायला आज दुसऱ्या एका भल्या माणसाला दुखवावं लागणार.”

अंगणात सगळे जमले. कृष्णात आणि हरणाबाई फाटकाशीच उभे राहिले. नाथाजींनी आधी लक्ष्मीबाईंकडे पाहिले. मग बाईंनी पदर सावरून होकारार्थी मान हलवली.

“सुभेदार, तुमचा आकडा खरा आहे,” नाथाजींनी सुरुवात केली. “चुकला तो अर्थ. वाडीचा रस्ता नदीकाठचा, सपाट, काळ्या मातीचा. तुमच्या मडगार्डमध्ये मुरूम आहे, तांबडा. सपाट रस्त्यावर लायनिंगचा कोळसा होत नाही. तो होतो घाटात, गिअरचा आधार सोडून, इंजिन बंद करून, नुसत्या ब्रेकवर गाडी उतरवली की. हरणाबाईला येणारा जळका वास तोच. आणि चढावर जुनी गाडी उकळते. म्हणून ते पाण्याचे डबे.”

“पण मैल?” सुभेदार ओरडले. “मैल पंचावन्नच भरलेत!”

“सागरेश्वराचा घाट ओलांडून कडेगावच्या अलीकडच्या मळ्यापर्यंत जाऊन येऊन बावन्न मैल. उरलेले तीन कृष्णात रिकाम्या रस्त्यावर फिरून पुरे करायचा. त्याला मैल जुळवता आले, चढ जुळवता आला नाही. ते दोन लिटर चोरीला गेले नाहीत, सुभेदार. ते चढाला गेले.”

सुभेदारांच्या हातातला प्लग खाली पडला.

“आणि ज्या गुरुवारी बाईंनी अकरा प्रदक्षिणा घातल्या,” नाथाजी खालच्या आवाजात म्हणाले, “त्या गुरुवारी देऊळ पाण्याखाली होतं. प्रदक्षिणा झाली असेल ती नानासोंच्या खाटेला.”

“जानेवारीत अर्धांग झालं भावजींना,” लक्ष्मीबाई म्हणाल्या. “जाऊबाई गेल्यापासनं एकलेच. आठवड्यातनं एकदा अंगाला तेल लावायचं, चार घास भरवायचं. आवं, तुमी मैल मोजलं, लिटर मोजलं. ते कुठल्या काठीनं मोजलं असतं?” मग त्या फाटकाकडे वळल्या. “कृष्णातला काढलं तवाच मी बोलायला पायजे हुतं. भ्याले. माझ्यापायी त्याच्या बायकोला गावानं चोराची म्हटलं.”

“वैनीसायब, म्या काय बोललो न्हाई,” कृष्णात घाईघाईने म्हणाला; जणू आरोप अजून त्याच्यावरच होता.

ज्ञानूला वाटले होते, रहस्य उलगडले की अंगणात हायसे वाटेल. तसे काही झाले नाही. गेले सहा गुरुवार हा माणूस पत्नीला निष्ठेने वाडीला नेत होता, आणि शेजारी बसून ती प्रत्येक मैलागणिक त्या खाटेपासून दूर जात होती.

“कृष्णात,” सुभेदार अखेर म्हणाले. “चुकलं माझं. गाडी काढ.”

“मागल्या चाकात हवा कमी हाय, सायेब. बघून घेतो.” कृष्णातने पडलेला प्लग उचलून जागी बसवला आणि तो लगबगीने चाकाशी वाकला. हरणाबाईने पदराने डोळे पुसले आणि फाटक सताड उघडले.

घाट चढताना गाडी दोनदा उकळली. माथा ओलांडून उतार लागला, तसा सवयीने कृष्णातचा हात चावीकडे गेला.

“राहू दे,” सुभेदार म्हणाले. “चालू राहू दे.”

मळ्यातल्या खोलीबाहेर, आंब्याखाली, नानासो खाटेवर पडले होते. दाढी वाढलेली, अंगावरचे कातडे कोरडे, भेगाळलेले. गाडी थांबली. बॉनेटमधून वाफ निघत होती.

“दादा,” सुभेदार म्हणाले आणि खाटेशी उभेच राहिले.

नानासोंनी भावाकडे पाहिले, मग गाडीकडे. चालणारा डावा हात त्यांनी कष्टाने उचलला. शब्द जड होते, पण सगळ्यांना कळले.

“आदी... गाडीला... पानी घाल.”

सुभेदारांनी डिकीतला डबा काढला. तापल्या रेडिएटरचे झाकण उघडत नाहीत, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? इंजिन निवेपर्यंत ते डबा दोन्ही हातांत धरून तसेच उन्हात उभे राहिले. मागे लक्ष्मीबाईंनी तेलाची वाटी काढली होती. डबा कलला होता आणि त्यातले पाणी सुभेदारांच्या धोतरावर, पायांवर सांडत होते.

आज त्यांनी त्यातला थेंबही मोजला नाही.