पंख्याच्या पात्यांवरची धूळ

"रोज पुसते हो मी घर!" सुखदा रडतच म्हणाली. "मग माझ्या तनयाच्या रक्तात शिसं आलं कुठून?"

खासगी गुप्तहेर नीलाने लक्ष्मीबाई नगरमध्ये सुखदाला मिळालेल्या सरकारी क्वार्टरमधली जागोजागची धूळ तपासायला दिली होती. रिपोर्ट तिच्या हातात होता. तिच्या सहकाऱ्याला, सुजयला, निकाल द्यायची भारी घाई.

"खिडक्यांचा जुना रंग, नक्कीच! नाहीतर यांचा बॅटरीचा कारखाना." त्याने तनयाच्या वडिलांकडे, राघवकडे, बोट दाखवलं.

राघव भडकला. "कारखान्याचे बूट, कपडे मी तिथेच ठेवून येतो!"

"सुट्टीत आम्ही पुण्याला माझ्या आईकडे होतो, तेव्हा छान जेवायला लागली होती," सुखदा म्हणाली. "इथे आलो आणि पुन्हा दुखणं सुरू."

देव्हाऱ्याजवळ आजोबा मुरलीधर बसले होते. मांडीवर चार वर्षांची तनया मलूल पडली होती. बिचारी पोर, शिकलेले शब्दही विसरत चालली होती. बाल्कनीत एक केशरी झालेलं फडकं वाळत होतं.

"आबा, पुण्याला तुम्हीही होतात?" नीलाने विचारलं.

"छे! माझ्या मारुतीला शेंदूर कोण लावणार? आधी फक्त शनिवारी लावायचो. ही आजारी पडल्यापासून रोज लावतो. फडक्यातून शेंदूर चाळायला हिलाच हवं असतं."

नीलाने रिपोर्ट उघडला. मग तिने सुजयकडे वळून सुरुवात केली.

"खिडक्यांवर शिसं नाही, म्हणजे रंग नाही. उंबरठ्यावर नाही, म्हणजे बाहेरून पायांनी आलेलं नाही. सगळ्यात जास्त सापडलं या पंख्याच्या पात्यांवर. फरशी रोज पुसली जाते, पाती नाही. म्हणजे याच खोलीत काहीतरी उडतंय, आणि पुण्याला ते नव्हतं." ती आजोबांजवळ खाली बसली. "आबा, शेंदराची पुडी तपासून घेऊच. पण शेंदूर शिशापासूनच बनवतात हो."

"अरे देवा! ही बरी व्हावी म्हणूनच तर मी..." त्यांनी मांडीवरच्या तनयाकडे पाहिलं. "होईल ना बरी?"

"औषध लागू पडेल. पण विसरलेलं सगळं परत येईलच, असं मला नाही सांगता येत."

आजोबांनी नातीला सुखदाच्या कुशीत दिलं. तनयाने लगेच हात पसरले.

"आबा, चाळू?"

आजवर त्यांनी तिला कधी नाही म्हटलं नव्हतं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"नको गं बाळा. मला शिवू नकोस."