विमान अजून समुद्रावर होतं

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण सुवर्णा माझी मावसबहीण आहे, आणि ती थापा मारणारी बाई नव्हे.

२००४ चा नोव्हेंबर. नाशिकजवळ मखमलाबाद. झेंडूच्या वावरातलं घर.

सुवर्णाची आई, कलाबाई, शेवटच्या घटका मोजत होती. डोळे मोतीबिंदूने गेलेले. जीव अडकलेला तो एकुलत्या एका लेकात, दुबईच्या समाधानमध्ये.

"आला का गं?"

"विमानात बसला, आई. तीनच तास लागतात."

तीन तास मुंबईपर्यंतचे हो! दोन हजार किलोमीटर विमान तीन तासांत तोडतं. पुढे नाशिकला मात्र कसाऱ्याच्या घाटातून आणखी चार तास. सुवर्णाचा नवरा गोरक्ष जीप घेऊन विमानतळावर गेला होता. कितीही पळवली तरी यायला रात्रीचे अकरा होणारच.

दिवेलागण झाली. आईला घरघर लागली, आणि सुवर्णाचा धीर सुटला.

दिवेलागणीला उंबऱ्यात उभं राहून वाटेवरच्या माणसाला हाक मारू नये, भलतंच कुणी ओ देऊन येतं. हे तिला आईनेच शिकवलेलं.

तरी ती उंबऱ्यात गेली आणि ओरडली, "समाधान, ये रे बाबा! असशील तसा ये!"

वावरात रातकिडे किरकिरत होते. ते एकदम गप्प झाले...

आणि बांधावरून समाधान आला.

हातात बॅग नाही. पायांचा आवाज नाही. कुत्रं खाटेखाली शिरलं.

"अगं बाई, आलास!" इतक्यात कसा आला, हे आनंदाच्या भरात तिच्या मनातही आलं नाही. तिने त्याला आत नेलं. तो बोलला नाही. आईचा हात हातात घेऊन बसला.

घरघर थांबली. तासभर आई शांत पडून होती. मग तिने तो हात चाचपला. पुन्हा चाचपला...

"सुवर्णा, लय गार हाय गं. ह्यो कोण हाय?"

"समाधानच आहे, आई! तुझा समाधान!"

"नाय... नाय गं..." आई हात सोडवू बघत होती.

तेवढ्यात पुढच्या खोलीतला फोन खणखणला. गोरक्ष होता.

"विमान उतरलं. समाधान आत्ताच बाहेर आला. घे, बोल."

"ताई, आई आहे ना गं? तिला सांग, मी निघालोच!"

सुवर्णाने फोन तसाच टाकला. ती आत धावली.

खोलीत आई एकटीच होती. डोळे सताड उघडे. प्राण गेलेला. एका हाताने खाटेची कड अशी आवळलेली, की बोटं सोडवता सोडवेनात.

समाधान अकराला पोहोचला. आईच्या पायाशी कोसळून रडला. "माझ्यासाठी थांबली का नाही गं, ताई?"

दर वर्षी श्राद्धाला तो विचारतो, "आई शेवटी काय म्हणाली?"

"तुझंच नाव घेतलं रे," सुवर्णा सांगते. दुसरं काय सांगणार बिचारी?

पण दिवेलागणीला बांधावरचे रातकिडे अजूनही एकदम गप्प होतात... आणि ती घाईघाईने दार लावून घेते. 'ये' असं तिनेच म्हटलं होतं. 'जा' म्हणायचं राहून गेलं.